घरी कोणाला माहीत आहे? : एचआयव्हीच्या मनोसामाजिक अभ्यासाची प्रस्तावना

एसटीच्या प्रवास सवलतींच्या यादीत सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांबरोबर एचआयव्हीबाधितांचाही समावेश आहे. साध्या बसमध्ये त्यांना तिकीट लागत नाही. सवलत चांगली, देणाऱ्याचा हेतूही चांगला. आता ही सवलत घेऊन शहापूरच्या थांब्यावरून भंडाऱ्याच्या बसमध्ये चढायचं आहे असं समजा. कंडक्टरला कागद दाखवावा लागणार. शेजारच्या सीटवर चुलतसासरा, मागे अंगणवाडीच्या बाई, दाराशी गावातलीच कॉलेजची पोरं. कंडक्टर कागद उलटसुलट करून बघणार आणि नाही कळलं तर सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारणार. अशा वेळी खिशातून पैसे काढून मुकाट तिकीट घेणारी बाई वेडी नसते. तिनं हिशेब केलेला असतो. तिकिटाचे पैसे एका पारड्यात, गावभर होणं दुसऱ्या पारड्यात.

हा हिशेब आमच्या अभ्यासाचा विषय आहे. विषाणू पेशीत कसा शिरतो, औषध त्याला कुठे अडवतं, हे सांगणारी पुस्तकं वेगळी आणि ती वाचायलाच हवीत. पण निदान झाल्यावर माणसाच्या मनात, घरात, भावकीत आणि गावात काय होतं, का होतं आणि काळाबरोबर ते कसं बदलत गेलं, हे समजून घेणारं एक वेगळं क्षेत्र गेल्या चार दशकांत उभं राहिलं. त्यात मानसशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे, कायदा आहे, थोडं अर्थशास्त्रही आहे. नागपूरला समाजकार्याचं शिक्षण घेणारी विद्यार्थिनी, जिल्हा रुग्णालयातला नवा समुपदेशक, उपकेंद्रातल्या नर्सबाई, आशाताई, शाळामास्तर, या सगळ्यांचं इथं स्वागत आहे. कुणाला पदवी विचारली जाणार नाही. कानावर आलेलं पोटात ठेवता येतं का, एवढं मात्र विचारलं जाईल.

शहापूर निवडलं ते तिथं काही अघटित घडलं म्हणून नव्हे. भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की राष्ट्रीय महामार्गावर हे गाव लागतं. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, भोवती धानाची शेती, रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक. या विषयावरचं बरंच लेखन मुंबईच्या कामाठीपुऱ्यात, पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा सांगलीच्या गोकुळनगरात घडतं, आणि वाचणाऱ्याला वाटत राहतं की हा त्या वस्त्यांचा प्रश्न. देशात आज सुमारे 25 लाख माणसं एचआयव्हीसह जगतात असा सरकारी अंदाज आहे आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची आहे. ही माणसं काही दोन-चार पेठांत मावणारी नव्हेत. ती शहापूरसारख्या गावांतून राहतात, रोवणीला जातात, भिशी लावतात, मंडईच्या जत्रेला पाहुणे बोलावतात. ज्या गावाची याबाबतीत काहीच गोष्ट नाही, अशा गावात उभं राहून विचार केला की विषय नीट दिसतो.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 सालची. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने तपासले, त्यांतून ती पुढे आली. पहिलीच बातमी अशी आल्यामुळे विषाणूला आपल्याकडे जन्मापासूनच चारित्र्याचं लेबल लागलं. मग कवट्या आणि हाडांची भित्तिचित्रं आली. माणसं घाबरली तर सावध होतील, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. माणसं घाबरली खरी, पण विषाणूला कमी आणि विषाणू असलेल्या माणसाला जास्त.

त्या काळाचा सर्वांत बोलका दाखला गोव्याचा. डॉमनिक डिसोझा हा तिशीच्या आतला तरुण नियमित रक्तदान करणारा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला आणि फेब्रुवारी 1989 मध्ये पोलिसांनी त्याला उचललं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा एचआयव्हीबाधिताला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. म्हापशात क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत त्याला 64 दिवस एकट्याला ठेवलं, दाराशी पोलीस. त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. डॉमनिक सुटला, पण कायद्यातली ती तरतूद न्यायालयानं वैध ठरवली. पुढे 1992 साली त्यानं ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. ‘माय ब्रदर निखिल’ हा 2005 सालचा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे.

या प्रकरणात नवख्या अभ्यासकानं थांबून बघावी अशी गोष्ट ही की डॉमनिक आजारी नव्हता. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता. त्याच्या शरीरात तोवर फारसं काही घडलं नव्हतं. जे घडलं ते एका कागदामुळे, आणि तो कागद कोणाच्या हाती पडला यामुळे. रक्त देणाऱ्याला सर्वांत शेवटी कळलं, पोलिसांना आधी.

जोनाथन मान हे तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स कार्यक्रमाचे प्रमुख होते. त्यांनी 1987 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे तीन साथींची मांडणी केली होती: पहिली विषाणूची, ती शांतपणे पसरते, दुसरी एड्स या आजाराची, ती काही वर्षांनी उघड होते, आणि तिसरी या दोन्हींवर समाज जो प्रतिसाद देतो त्याची. तिसरी साथ पहिल्या दोघींइतकीच मध्यवर्ती आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आमचं क्षेत्र या तिसऱ्या साथीचं.

मुंबई उच्च न्यायालयानं 1997 साली दिलेला एक निकालही याच ओघात वाचावा. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळात हंगामी मजूर असलेल्या माणसाला कायम करण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही आढळला आणि त्याचं काम गेलं. न्यायालयानं सांगितलं की माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून रोजगार नाकारता येणार नाही. निकाल महत्त्वाचाच. पण मला त्याहून लक्षणीय वाटतं ते त्या खटल्याचं नाव. दोन्ही पक्षांची नावं झाकून तो खटला नुसत्या अक्षरांनी ओळखला जातो. हक्क मागायला कोर्टात जायचं तर आपण कोण ते जगाला कळणार, म्हणून माणसं कोर्टाची पायरीच चढत नाहीत, हे न्यायालयानं ओळखलं. पुढे 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात या गोपनीयतेला पक्कं रूप मिळालं. हा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कोणाला सांगणं नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव नाही, आणि राहत्या घरातून बाहेर काढणं नाही. कायद्याची प्रत मागवून घ्या. दोन बैठकींत वाचून होते.

आता मधल्या काळात जे मोठं वळण आलं ते. 1996 च्या सुमारास जगात तीन औषधांचा एकत्र उपचार आला. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तो वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला आणि किमतींचं जागतिक गणित उलटंपालटं झालं. 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारनं निवडक सरकारी रुग्णालयांत हा उपचार, म्हणजे एआरटी, मोफत सुरू केला. महाराष्ट्र त्यात पहिल्यापासून होता. आधी रक्तातल्या रोगप्रतिकाराच्या सीडीफोर पेशी ठरावीक आकड्याखाली उतरल्याशिवाय औषध मिळत नसे. तो आकडा वर सरकत गेला आणि 2017 मध्ये अटच निघाली: निदान झालं की उपचार सुरू. आज रोज एक गोळी. ती नेमानं घेतली आणि विषाणूंची संख्या तपासणीत सापडू नये इतकी खाली राहिली, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागणही होत नाही. हे वैद्यकशास्त्रात आता पक्कं झालं आहे.

मग भीती संपायला हवी होती. मरणाची भीती बरीचशी ओसरलीही. कळण्याची भीती जागची हलली नाही. 2007 साली देशातल्या बाधितांचा अंदाज 50 लाखांच्या वरून निम्म्यावर आणला गेला, तेव्हाही लोकांची भीती निम्मी झाली नव्हती. माझं या क्षेत्राबद्दलचं म्हणणं इथं येऊन थांबतं: आपल्याकडे एचआयव्हीसह जगणं म्हणजे आज मुख्यतः लपवण्याचं काम आहे. ‘काम’ हा शब्द मी शब्दशः वापरतो. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, कौशल्य लागतं, आणि ते रोज करावं लागतं.

गोळ्यांची बाटलीच घ्या. पांढरी प्लॅस्टिकची, महिन्याच्या गोळ्यांची. पिशवीत ठेवली की चालताना खुळखुळते. म्हणून कोणी त्यात कापूस कोंबतं, कोणी एआरटी केंद्राच्या बाहेर पडताच गोळ्या कागदात बांधून बाटली फेकून देतं, कोणी कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरतं. बाटलीवरचं लेबल नखानं खरवडलेलं असतं. रुग्णाजवळ राहणारं हिरवं पुस्तक असतं, ते पेटीत साड्यांच्या तळाशी किंवा धानाच्या कोठीमागे जातं. लग्नघरी मुक्काम पडला की रात्रीची गोळी कुठं आणि कशी घ्यायची, याची योजना आठवडाभर आधी होते. योजना फसली तर त्या दिवशीची गोळी चुकते. औषध चुकवणाऱ्या रुग्णाला निष्काळजी म्हणणाऱ्या डॉक्टरांनी अशी एक लग्नाची रात्र डोळ्यांपुढे आणावी.

गाव जवळ, केंद्र जवळ, हे सोयीचं की गैरसोयीचं? शहापूरच्या माणसाला भंडारा हाकेच्या अंतरावर आहे. पण भंडाऱ्याच्या रुग्णालयात शिपाई ओळखीचा, औषधाच्या खिडकीपाशी मामेभाऊ भेटणार. म्हणून नागपूरचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय बरं वाटतं. तिथं गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही. एक दिवसाची मजुरी बुडते, ती त्या अनोळखीपणाची किंमत.

सिद्धान्ताकडे वळू. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचं कलंकावरचं पुस्तक 1963 सालचं, म्हणजे एचआयव्हीच्या कितीतरी आधीचं. त्यानं एक साधा भेद केला: ज्याचा कलंक उघड आहे तो माणूस, आणि ज्याचा अजून उघड झालेला नाही तो. पहिल्याला इतरांच्या नजरा सोसाव्या लागतात. दुसऱ्याला माहिती सांभाळावी लागते, कोणाला सांगायचं, किती, कधी, आणि कोणापाशी खोटं बोलायचं. गोळ्या लागू पडलेला माणूस धडधाकट दिसतो. म्हणजे औषधानं आमच्या लोकांना पहिल्या गटातून दुसऱ्या गटात आणून बसवलं.

वेन स्टुअर्ड, मारिया एकस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हैसूर आणि बंगळूर इथं काम करून 2008 साली जी मांडणी केली ती आपल्याला फार उपयोगी आहे. त्यांनी कलंकाचे चार पदर वेगळे केले. प्रत्यक्ष वाट्याला आलेली वागणूक. दुसऱ्याच्या वाट्याला आली म्हणून ऐकलेली वागणूक. लोकांच्या मनात काय असणार याचा आपण बांधलेला अंदाज. आणि स्वतःच स्वतःला दोषी मानणं. ज्यांना प्रत्यक्ष वाईट वागणूक मिळाली अशी माणसं त्यांना तुलनेनं कमी भेटली, पण ऐकीव गोष्टी आणि अंदाज यांवरच माणसं लपत होती, आणि लपल्यामुळे खचत होती. आपल्याकडे हे चटकन पटतं. दहा कोसांवरच्या कुठल्यातरी गावात मयताला खांदा द्यायला कोणी आलं नाही, ही एक गोष्ट वीस वर्षं वीस गावांना धाकात ठेवते. ती खरी होती की नाही हे कोणी तपासत नाही.

घराच्या आत मात्र सगळे सारखे लपत नाहीत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या शालिनी भारत यांनी नव्वदीच्या दशकात मुंबईतल्या कुटुंबांचा अभ्यास केला, पुढे 2001 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमासाठीही लिहिलं. त्यांच्या कामातून एक अप्रिय गोष्ट स्पष्ट झाली: कुटुंबं आपल्या माणसाची शुश्रूषा करतात, पण ‘आपलं माणूस’ म्हणजे बहुधा मुलगा. सुनेची गोष्ट निराळी. गरोदरपणात तपासणी होते म्हणून अनेकदा घरात आधी तिचं निदान होतं, आणि ज्याचं आधी कळलं त्यानंच आणलं, असा न्याय लागतो. नवरा गेल्यावर तर तिला राहतं घर, शेतीतला वाटा आणि पोरं, तिन्हींसाठी भांडावं लागतं. माहेरी भाऊ म्हणतो, राहा. वहिनी ताट वेगळं करते. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’नं सांगलीत 1992 पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांना संघटित केलं, त्यातून 1996 मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ झाली. त्या बायका एकमेकींच्या आधारानं उघड बोलू लागल्या. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला मात्र अशी परिषद नाही. ती एकटी आहे, आणि आमच्या अभ्यासातही ती उशिराच आली.

विदर्भात या विषयाला आणखी दोन जुने संदर्भ आहेत. त्यांच्याशिवाय इथला प्रतिसाद कळायचा नाही.

एक कुष्ठरोगाचा. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 साली काम सुरू केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन 1949 चं. समाजानं टाकलेल्यांसाठी वेगळं गाव वसवायचं आणि त्याला प्रतिष्ठा मिळवून द्यायची, ही वाट महाराष्ट्रानं इथूनच शिकली. पंढरपूरला मंगलताई शहांची ‘पालवी’, पुण्यात विजयाताई लवाटे यांचं ‘मानव्य’, लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचं ‘सेवालय’ ही एचआयव्हीबाधित मुलांची घरं त्याच परंपरेतली. हासेगावात गावच्या शाळेत ही मुलं नकोत म्हणून पालक अडून बसले होते, हे विसरू नये. या माणसांनी केलेलं काम दुसरं कोणी करायला तयार नव्हतं. तरीही अभ्यासकानं विचारायचं ते विचारलं पाहिजे: भिंतीच्या आत वाढलेलं पोर अठरा वर्षांचं झाल्यावर कोणत्या गावात जाणार? त्याची ती भिंत कोणासाठी होती, त्याच्यासाठी की बाहेरच्यांसाठी? या घरांतली पहिली मुलं आता संसाराला लागली आहेत. उत्तर द्यायला ती हजर आहेत, विचारणाऱ्याची वाट पाहत.

दुसरा संदर्भ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. आमच्या भागात रक्ताचा रिपोर्ट आणि सोयरीक यांची गाठ एचआयव्हीच्या आधीच पडली होती. ‘पोरीचं रक्त तपासलं का?’ हा प्रश्न इथं नवा नाही. त्यामुळे निदानाचा धक्का इथं सगळ्यांना सारखा बसत नाही. मायकेल ब्युरी यांनी 1982 साली दीर्घ आजाराला चरित्राचा भंग म्हटलं होतं: आयुष्याची जी गोष्ट माणूस स्वतःशी सांगत आला, ती मध्येच तुटते. फ्रान्समध्ये कारिकाबुरू आणि पिएरे यांनी 1995 मध्ये दाखवलं की हिमोफिलियासह वाढलेल्या पुरुषांना एचआयव्हीनं असं तोडलं नाही. आजारानं भरलेली त्यांची गोष्ट उलट आणखी घट्ट झाली. लहानपणापासून रक्त चढवून घेणारं आमच्याकडचं पोर कोणत्या बाजूला पडेल? नागपुरात 2022 साली थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं, तेव्हा हा प्रश्न नुसता पुस्तकी राहिला नाही. यावर मराठीत काम व्हायला हवं.

मनाच्या आत काय चालतं याबद्दल मी थोडंच लिहितो, कारण त्यावर इंग्रजीत डोंगराएवढं साहित्य आहे. नैराश्य आणि औषध चुकणं यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. धक्का, नकार, राग वगैरे टप्प्यांची प्रसिद्ध शिडी मात्र जपून वापरावी. ती मरणाच्या दारात असलेल्या माणसांशी बोलून तयार झाली होती, रोज एक गोळी घेऊन पुढची तीस वर्षं जगणाऱ्यांसाठी नव्हे. सुझन फोकमन यांचं काम मला अधिक जवळचं वाटतं. नव्वदीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एड्सनं मरणाऱ्या जोडीदारांची सेवा करणाऱ्या पुरुषांशी त्या बोलत होत्या. त्या पुरुषांनीच तक्रार केली की तुम्ही फक्त ताणाबद्दल विचारता, चांगलं काही घडलं का हे विचारतच नाही. तेव्हापासून प्रश्नावली बदलली, आणि दुःखाच्या ऐन मध्यावर लोकांना साधे, पुरते आनंदही होतात हे नोंदलं जाऊ लागलं. समुपदेशन केंद्रात बसणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. सीडीफोर वाढला म्हणून हसणारी बाई नकारात जगत नसते. ती हसत असते.

सरकारी मदतीकडेही याच नजरेनं पाहा. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना अनुदान मिळू शकतं. त्यासाठी दाखला लागतो, दाखला तलाठ्यापासून तहसिलीपर्यंत फिरतो, आणि फायलीवर चहाचा कप ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता येतो. कायदा गोपनीयता देतो. योजना ती परत मागते. यात कोणी दुष्ट नाही. पण योजना आखणाऱ्यानं लपवण्याच्या कामाचा खर्च कधी धरलाच नाही, आणि तो मांडून दाखवणं हे आमचं काम आहे.

नव्यानं येणाऱ्यांना विषय हवे असतील तर ते पडलेले आहेत. मिरची तोडायला तेलंगणात जाणारी माणसं गोळ्या सोबत कशा नेतात? झाडीपट्टीच्या नाटकांत हा आजार कोणत्या पात्राला होतो, आणि तिसऱ्या अंकात त्या पात्राचं काय होतं? एचआयव्हीबाधितांच्या वधूवर मेळाव्यांत पोटजात अजून विचारतात का? साठीला टेकलेली विधवा, जिला आता रक्तदाब आणि साखरही आहे, ती तीन गोळ्यांपैकी कोणती चारचौघांत घेते?

पद्धतीबद्दल एकच सूचना, पण ती पाळायचीच. गावात अनोळखी माणसाची मोटरसायकल एखाद्या घरापुढे दोनदा उभी राहिली की तिसऱ्यांदा शेजारी विचारतात. तुमच्या पिशवीवरची एड्सची लाल फीत, गळ्यातलं ओळखपत्र, फाइलवरचं विभागाचं नाव, हे सगळं तुमच्याआधी बोलतं. म्हणून मुलाखत कुठे घ्यायची हे तुम्ही ठरवू नका, आधी विचारा. कोणी केंद्रावर म्हणेल, कोणी नागपूरच्या बसस्टँडवर, कोणी शेतात, आणि कोणी नकोच म्हणेल. ‘घरी कोणाला माहीत आहे?’ हा प्रश्न वहीत पहिला लिहा आणि उत्तर मिळाल्यावर त्या घरी फोन करताना स्वतःची ओळख काय सांगायची, हेही मुलाखत देणाऱ्या बाईलाच विचारून घ्या. बहुतेक वेळा तिच्याकडे उत्तर तयार असतं. बचतगटाची मॅडम, शिलाई क्लासची बाई, नाहीतर पोराच्या शाळेतली. ती सांगेल ते नाव घ्यायचं.